पायाखाली फुलं उगवणारं धनुष्य आणि भावाचे तीनशे गोल्ड

प्रिय ताई,

मी सांगलीची. वय सदतीस, बँकेत नोकरी, एक मुलगी आठ वर्षांची. धाकटा भाऊ म्युनिकला असतो. दर रविवारी इथे रात्रीचे साडेनऊ आणि तिथे संध्याकाळचे सहा वाजले, की आम्ही दोघं ‘गिल्ड वॉर्स २’ हा ऑनलाइन गेम खेळतो. मी रेंजर, म्हणजे तिरंदाज, हातात लाँगबो (लांब धनुष्य), सोबत पाळीव अस्वल. (हसू नका.)

दीड वर्षापूर्वी खेळातल्या लायन्स आर्च शहरात एक जण आमच्यासमोरून गेला. लेक मांडीवर बसली होती. ती ओरडली, “आई, त्याच्या पायाखाली फुलं उगवतायत!” त्याच्या हातात कुड्झू होतं, खेळातल्या ‘लेजंडरी’ म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या शस्त्रांपैकी एक धनुष्य. तेव्हापासून मला ते धनुष्य हवंय. ते घडवायला लागणाऱ्या वस्तूंपैकी गिफ्ट ऑफ एक्स्प्लोरेशन नकाशा पूर्ण करून मिळवलं. २५० एक्टो जमवले. क्लोव्हर १९ झालेत. प्रीकर्सर, म्हणजे ज्यातून ते घडतं ते मूळ धनुष्य, ‘लीफ ऑफ कुड्झू’, मात्र नाही.

आता खरं सांगते. भावाने मला गिफ्ट ऑफ वुडच्या फळ्या घ्यायला तीनशे गोल्ड (खेळातलं चलन) पाठवले होते. त्या पैशांनी मी फळ्या न घेता एक्झॉटिक दर्जाची धनुष्यं घेतली आणि चार-चार करून मिस्टिक फोर्जमध्ये, म्हणजे चार वस्तूंच्या बदल्यात एक देणाऱ्या भट्टीत, टाकली. लीफ ऑफ कुड्झू पडेल असं वाटलं. तीन रात्रीत सगळं संपलं, साठवलेल्या २५० एक्टोंपैकी दीडशे विकून तेही घातले. पदरात बाराएक बिनकामाची धनुष्यं. भावाला अजून सांगितलेलं नाही. तो विचारतो, “फळ्या झाल्या का गं?” मी म्हणते, होतायत.

आणि आता तोच म्हणतोय, की या भाऊबीजेला ओवाळणी म्हणून खऱ्या पैशांनी जेम्स (खेळातली रत्नं) घेऊन, त्याचं गोल्ड करून, तयार कुड्झूच विकत घेऊन देतो. शिवाय त्याचा एक मित्र म्हणतो, बाहेरच्या साइटवर गोल्ड याहून स्वस्त मिळतं. घेऊ का? की उरलेली बारा धनुष्यंही एकदा टाकून बघू?

— अस्वलवाली

*

अस्वलवाली बाई,

आधी ती बारा धनुष्यं बाजूला ठेवा. टाकू नका, विकूही नका, नुसती खेळातल्या बँकेत सारा. त्यांचं काय करायचं ते खाली येईलच.

अस्वलाला मी हसणार नाही. लाँगबो आणि अस्वल घेऊन लांबून बाण मारणारा रेंजर हा या खेळातला सगळ्यात जुना विनोद आहे, पण तो विनोद करणारे निम्मे लोक स्वतः तसेच सुरू झालेले असतात. मीही.

तुमच्या पत्रात प्रश्न तीन आहेत, पण मला खरा वाटतो तो वेगळाच, आणि तो तुम्ही विचारलेला नाही. “फळ्या झाल्या का गं?” याचं उत्तर तुमच्याकडे नाही, म्हणून बाकीचे प्रश्न तयार झालेत. बारा धनुष्यं टाकून लीफ ऑफ कुड्झू पडलं, तर तीनशे गोल्ड कुठे गेले हे सांगायची वेळच येणार नाही. भावाने तयार धनुष्य दिलं, तर फळ्यांचा विषयच संपला. दोन्ही वाटा एकाच गोष्टीपासून पळतात. बँकेत काम करता, तेव्हा एका खात्यातलं दुसऱ्या खात्यात फिरवून महिनाअखेर गाठणारी माणसं तुम्ही पाहिली असतीलच.

तेव्हा येत्या रविवारी साडेनऊला कॉल जोडला, की नकाशा उघडायच्या आधी सांगून टाका. मोठी प्रस्तावना नको. “फळ्यांचे पैसे मी फोर्जमध्ये उडवले, सोबत दीडशे एक्टोही.” बस. तो हसेल. मला जवळपास खात्री आहे, कारण फोर्जमध्ये काहीतरी जाळलेलं नाही असा जुना खेळाडू मला अजून भेटलेला नाही. माझं सांगते. २०१३ मध्ये मला ट्वायलाइट ही लेजंडरी तलवार हवी होती. त्यासाठी डस्क नावाची तलवार लागते. मी सलग दोन आठवडे ग्रेटसोर्ड टाकत होते, चार आत, एक बाहेर. खेळाडू त्या फोर्जला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत असेल. संडासाचं नाव आहे, आणि ते योग्य आहे. प्रत्येक वेळी तो झगमगाट व्हायचा, आवाज यायचा, आणि बाहेर पडायची ती आधीपेक्षा स्वस्त तलवार. दोन आठवड्यांनी मी आकडा मांडला, तर तेवढ्यात डस्क सरळ विकत आली असती. नवऱ्याला आजतागायत पूर्ण आकडा सांगितलेला नाही. म्हणजे सल्ला देणारीही तुमच्याच रांगेतली आहे.

फोर्जचं गणित थोडं समजून घ्या, म्हणजे हात शिवशिवणार नाहीत. चार वस्तू टाकल्या की एक मिळते. म्हणजे प्रत्येक फेरीत तुमच्याकडचा माल चारावरून एकावर येतो. बारा धनुष्यांच्या फेऱ्या किती? पहिल्या तीन, त्यातून तीन धनुष्यं उरतात, चौथं कुठून तरी आणलं तर अजून एक. चार संधी. प्रीकर्सर पडण्याची शक्यता किती हे खेळात कुठे लिहिलेलं नसतं, आणि तुम्ही तीन रात्री टाकून काहीच न मिळाल्यावर पुढच्या चार फेऱ्या आधीच्या फेऱ्यांची भरपाई करायला येणार नाहीत. फोर्जमध्ये बसलेल्या झोमोरोस नावाच्या जिनला तुमची आठवण नसते.

मग लीफ ऑफ कुड्झू आणायचं कुठून? सरळ दोन रस्ते आहेत. ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे खेळातल्या बाजारात, ‘खरेदीची ऑर्डर’ लावायची, समोर दिसणाऱ्या विक्रीच्या भावाला हात न लावता. घाई असलेल्या विक्रेत्याची वाट बघायची. किंवा तुमच्याकडे खेळाचा ‘हार्ट ऑफ थॉर्न्स’ हा विस्तार असेल, तर लेजंडरी क्राफ्टिंगची मास्टरी (कौशल्य) घेऊन प्रीकर्सर स्वतः घडवायचं. कलेक्शनचे तीन टप्पे आहेत, वेळखाऊ आहेत, पण तिथे नशीब नाही, फक्त पाय आहेत. शिवाय विझार्ड्स व्हॉल्ट या खेळातल्या बक्षिसांच्या दुकानात काही निवडक शस्त्रांसाठी लेजंडरीची सुरुवातीची पेटी येते, तिच्यात प्रीकर्सर असतं. दर मोसमात एकदा डोकावून बघा, कधी लाँगबोचा नंबर लागला तर लागला. ती बारा धनुष्यं भंगारात काढायची, पण मास्टर किटने, म्हणजे माल मोडायच्या चांगल्या अवजाराने. फार हाती लागणार नाही, पण एक्झॉटिक मोडल्यावर थोडे एक्टो येतात, आणि तुमच्या जळालेल्या दीडशेची भरपाई तिथूनच सुरू होईल. एक्टोसाठी पुढेही हेच: ६८ किंवा त्यावरच्या लेव्हलचा पिवळा (रेअर दर्जाचा) माल आणि त्याच्या वरच्या दर्जाचा, मोडायचा तो चांगल्या किटने. स्वस्त किटने पिवळा माल मोडणं म्हणजे हापूस मिक्सरला लावून रस आणि कोय एकत्र करणं.

आता भाऊबीज.

तुमच्या भावाचा हेतू सोन्यासारखा आहे, पण तो देतोय ते तुम्हाला हवं आहे का, हे आधी ठरवा. कुड्झू हातात आल्यावर बाण जास्त लागत नाही. लेजंडरीची ताकद ॲसेंडेड या त्याखालच्या दर्जाएवढीच असते. वर मिळतं ते दोन गोष्टींत: लढाईबाहेर असताना शस्त्राच्या गुणांचे आकडे हवे तसे बदलता येतात, आणि दिसणं. २०२१ च्या जुलैपासून लेजंडरी आर्मरी आली, त्यामुळे ते एकदा आर्मरीत गेलं की खात्यावरचा कुठलाही कॅरेक्टर ते वापरू शकतो, पण मग ते परत विकता येत नाही. तुमच्याकडे एकच रेंजर आहे आणि तुम्ही आकडे बदलत बसणाऱ्यातल्या वाटत नाही. म्हणजे तुम्ही मागताय ती फुलं. लेकीने पाहिलेली.

फुलं विकत घेण्यात चूक काही नाही. जेम्स घेऊन गोल्ड करणं खेळाच्या नियमात बसतं, त्यात फसवणूक नाही, कुणाचं नुकसान नाही. पण हिशेब बघा. ८०० जेम्सना दहा युरो लागतात, आणि एका तयार लेजंडरीला असे अनेक पुडे जातात. शिवाय आज फळ्यांची लपवाछपवी डोक्यावर असताना त्याच्याकडून त्याहून मोठं काहीतरी घेतलंत, तर लेकीला फुलं दाखवताना तुमच्या मनात तीनशे गोल्ड राहतील. मी तुम्हाला ओळखत नाही, पण इतके दिवस “होतायत” म्हणणाऱ्या बाईला ते चैन पडू देणार नाही, एवढं कळतं.

बाहेरच्या साइटवरचं गोल्ड मात्र नाही. एका ओळीत नाही. ते खेळाच्या नियमांविरुद्ध आहे, खातं बंद होऊ शकतं, आणि मग धनुष्य, अस्वल, रविवार सगळंच जातं. भावाच्या मित्राला नमस्कार सांगा आणि विषय बदला.

मी तुमच्या जागी असते, तर भावाला म्हणाले असते: ओवाळणी दे, पण तयार धनुष्य नको, माल दे.

या धनुष्याच्या मालाचे दोन भाग आहेत. एक भाग खेळातल्या टपालाने येतो, दुसरा येत नाही. हे एकदा लख्ख कळलं, की कुणी काय करायचं ते आपोआप ठरतं.

टपालाने येणारं: लाकूड, एक्टो, मिस्टिक कॉइन, आणि गिफ्ट ऑफ माइट व गिफ्ट ऑफ मॅजिकसाठी लागणारा सगळा बाजार. दात, नख्या, खवले, जुनी हाडं प्रत्येकी २५०. रक्ताच्या बाटल्या, विषाच्या पिशव्या, टोटेम, चमकणारी धूळ प्रत्येकी २५०. गिफ्ट ऑफ वुडला चार प्रकारच्या लाकडाच्या २५०-२५० फळ्या. यातल्या सगळ्यात वरच्या ‘एन्शंट’ फळीला तीन ओंडके लागतात, म्हणजे एकट्या त्या एका प्रकारचे ७५० ओंडके. हे सगळं विकत मिळतं, भेट देता येतं, एका पत्राला पाच वस्तू जोडता येतात, आणि एका वस्तूत २५० चा गठ्ठा मावतो. म्हणजे पाच गठ्ठ्यांचं एक पार्सल. तुमच्या भावाला दर रविवारी एक पार्सल पाठवायला सांगा. युरोत पैसे घालण्यापेक्षा त्याला ते परवडेल, आणि तो आठवडाभर ओंडके तोडताना तुमची आठवण काढेल. आपल्याकडे रुखवतात मावशी एक परात देते, आत्या एक समई देते, शेजारीण विणलेला रुमाल देते, तेव्हा कुठे मांडव भरतो. एकट्याने आणलेलं रुखवत कुणी बघायलाही येत नाही.

टपालाने न येणारं: क्लोव्हर, ऑब्सिडियनचे तुकडे, स्पिरिट शार्ड, आइसी रनस्टोन, आणि काही गिफ्ट. ही तुमची तुम्हालाच चालून आणायची. त्यातलं एक गिफ्ट तुमच्याकडे आहेच, अख्खा मध्यवर्ती टायरिया (खेळातलं जग) पालथा घालून मिळवलेलं, आणि तिथे एकदम दोन मिळतात हे लक्षात ठेवा. दुसरं पुढच्या लेजंडरीला होईल. (नको म्हणाल, पण होईल.)

आणखी एक म्हणजे गिफ्ट ऑफ बॅटल. पत्रात तुम्ही त्याचं नावही काढलेलं नाही, त्यावरून मला वाटतं तुम्ही वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्डला, म्हणजे खेळाडूंनी खेळाडूंशी लढायच्या युद्धाला, घाबरता. तुमच्यासारखे बरेच जण घाबरतात. मेल्यावर काय जातं? काही नाही. वस्तू हरवत नाही, दुरुस्तीला पैसे लागत नाहीत, उठायचं आणि पळत परत जायचं. नकाशावर कमांडरचं चिन्ह दिसेल, त्याच्या मागे मागे चालायचं, वारीत दिंडीच्या मागे चालतात तसं, आणि लाँगबो लांबून मारायचा. अस्वलाला पुढे सोडा. पण आत शिरण्यापूर्वी रिवॉर्ड ट्रॅकच्या (लढून टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या बक्षिसांच्या) खिडकीत जाऊन ‘गिफ्ट ऑफ बॅटल’चाच ट्रॅक निवडलाय ना, हे बघा. मी दोन संध्याकाळ कुणाकुणाचे किल्ले फोडत बसले होते, आणि तो सगळा घाम भलत्याच ट्रॅकवर गेला होता. तेव्हा मला स्वतःशीच बोलायचं नव्हतं. आणि मध्येच चहाला उठलात तर सहभाग घसरतो, तेव्हा चहा आधीच घेऊन बसा.

क्लोव्हर ७७ लागतात, तुमचे १९ आहेत, राहिले ५८. एकेक बनवायला एक एक्टो, एक ऑब्सिडियन, एक मिस्टिक कॉइन आणि सहा फिलॉसॉफर्स स्टोन टाकायचे, आणि साधारण तीनातून एकदा क्लोव्हर येतो. म्हणजे सरासरीने १७४ वेळा टाकावं लागेल: १७४ एक्टो, १७४ कॉइन, १७४ ऑब्सिडियन, आणि दगड १०४४. दगड मियानी या विक्रेतीकडे एका स्पिरिट शार्डला दहा मिळतात, म्हणजे शंभराच्या वर शार्ड इथेच. हाही जुगारच, पण वेगळ्या जातीचा: हुकलात तर बहुतेक वेळा काहीतरी माल परत मिळतो, आणि तो वरच्या दात-नख्यांच्या हिशेबात घालता येतो. तरीही मी म्हणेन, आधी फुकटचे क्लोव्हर सगळे गोळा करा. विझार्ड्स व्हॉल्टमधून मिळतात तितके घ्या, काही रिवॉर्ड ट्रॅकांच्या वाटेत येतात, ते घ्या. मग जो आकडा उरेल तेवढ्यापुरतंच फोर्जपाशी उभं राहा. आणि एका बैठकीत दहापेक्षा जास्त नाही. अकरावी फेरी तुम्हाला पुन्हा त्या तीन रात्रींत नेईल.

ऑब्सिडियन ‘कर्मा’ हे खेळातलं दुसरं चलन देऊन घेता येतात. मला ही गोष्ट नेहमी गमतीची वाटते. आपल्याकडे कर्म भोगून संपवायचं असतं, टायरियात देवळात जाऊन त्याचे काळे दगड घेता येतात. ब्लडस्टोन शार्डच्या जोडीला २५० ऑब्सिडियन लागतात, शिवाय क्लोव्हरसाठी वेगळे, तेव्हा कर्मा कुठे उधळू नका, भाजीपाला-चिलखतांवर तर नाहीच. ब्लडस्टोनला २०० स्पिरिट शार्ड मियानीच घेते. आणि शंभर आइसी रनस्टोन फ्रॉस्टगॉर्ज साउंडमध्ये रोजनकडून, एकेक गोल्डला. तिथे सवलत नाही, घासाघीस नाही. शंभर गोल्ड नुसते मोजून द्यायचे. एवढ्यासाठी भावाकडून रोख घ्यायला हरकत नाही, पण आता रोख मागताना तुमचा आवाज कसा लागतो ते बघून मग मागा.

विकायचं काही असेल तर ट्रेडिंग पोस्ट ठेवताना ५ टक्के आणि विकल्यावर १० टक्के घेतं. शंभराला ८५ हातात येतात. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला हे सांगायला नको, पण दीडशे एक्टो विकताना हा हिशेब केला होता का?

तीनशे गोल्ड परत करायचे का, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आता येईल. भाऊ नको म्हणेल. तरी करा, पण गोल्डमध्ये नाही. त्याला काय लागतं ते विचारा. तो कुठलं चिलखत रंगवतोय, कुठला रंग शोधतोय, कुठल्या मालाला अडलाय. तुम्ही रविवारी त्याच्यासोबत असता, पण गेले दीड वर्ष तुमच्या धनुष्याबद्दलच बोलणं चाललं असणार असा मला संशय आहे. एक्टोंचा त्यालाही उपयोग असेल.

आणि लेकीला वाट बघू द्या, पण आंधळी नको. वहीत एक पान करा. वर कुड्झूचं चित्र तिलाच काढू द्या, खाली ७७ चौकोन. आलेल्या क्लोव्हरचे १९ आजच रंगवून टाका. उरलेले एकेक करून ती रंगवेल, हिरव्या स्केचपेनने, आणि ती फोर्जच्या आसपास असताना तुम्ही अकरावी फेरी मारणार नाही.

अस्वलाचं नाव काय ठेवलंय, ते पुढच्या पत्रात कळवा. पत्रातून ते राहून गेलं.

— तुमची ताई